फलालीनची भिंत

आमच्या भिंगरीला एक भिंत हवी होती. घर नको, वेगळी खोली नको, नुसती एक मोकळी भिंत. तिच्या बाहेरच्या खोलीत एका भिंतीला कपाट, एकीला पलंग, एकीला खिडकी आणि उरलेलीत दार. आतल्या खोलीत ओटा आणि डबे. खिळा ठोकायलाही जागा शोधावी लागते.

भिंगरी म्हणजे माझी धाकटी लेक. लहानपणी जेवतानासुद्धा ताटाभोवती गरगर फिरायची, म्हणून हे नाव पडलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या सासूबाई मोरीत घसरून पडल्या. तेव्हापासून त्या पलंगावर आहेत आणि शिवणाची नोकरी सोडून भिंगरी त्यांच्याजवळ. आता तिचं फिरणं पलंगापासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून पलंगापर्यंत. फोन केला की म्हणते, "मजेत आहे गं."

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की ती गोधड्या शिवते. तिची एक गोधडी पडद्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंच्या नजरेला पडली.

"आम्ही ह्याला क्विल्ट म्हणतो," त्या म्हणाल्या.

"म्हणा की," भिंगरी म्हणाली. "ऊब तेवढीच."

मालकीणबाईंना हसू आलं. दुकानाच्या काचेत लावायला त्यांनी एक मोठी गोधडी करायला सांगितली. अट एकच. शिवण्याआधी तुकड्यांची मांडणी आणून दाखवायची, कारण एकदा शिवल्यावर उसवत कोण बसणार? मांडणी पसंत पडली, तर त्यांच्या शिवणखात्यात, मोठ्या टेबलापाशी, कायमची जागा. हे सांगताना फोनवर भिंगरीचा आवाज कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा लागला. मी ते काम मनाशी धरूनच बसले.

पण मांडणी मांडायची कुठे? जमिनीवर मांडली तर चालायला जागा उरेना.

"अगं, मी पाय कुठे ठेवू?" जावयांनी दारातूनच विचारलं.

"डोक्यावर घेऊन या."

शिवाय जमिनीवरची मांडणी तिरकी दिसते. उभी करून चार पावलं मागे जाऊन पाहिली, तरच कुठला रंग बोंबलतोय ते कळतं. मग भिंगरीनं आपली भिंत आपणच करायचं ठरवलं.

खालच्या दुकानदाराकडून फ्रिजचा रिकामा खोका आणला. त्याचे सारखे दोन तक्ते कापले. त्यांवर फलालीन चढवलं, बाळाची दुपटी शिवतात ते लवदार कापड. त्याच्यावर सुती तुकडा नुसता ठेवून हात फिरवला की टाचणीशिवाय चिकटून राहतो. त्या दिवशी मी तिच्याकडे होते. मी कापड ताणून धरत होते, ती कडा मागे वळवून चिकटवत होती.

"आई, नीट ताण. सुरकुती पडली बघ."

"अगं, ती माझ्या हाताची आहे."

ती इतकी हसली की सासूबाईंनी पलंगावरून विचारलं, "विहीणबाई, काय झालं?" जुन्या जीन्सची लांब पट्टी मागून चिकटवून तिनं दोन्ही तक्ते जोडले. भिंत पुस्तकासारखी मिटली. फलालीन आत, खोक्याची बाजू बाहेर. "तुकड्यांना धूळ नाही आणि काखेत मारून दुकानात नेता येईल," ती म्हणाली. दोनदा मिटून उघडून दाखवली. दोन्ही वेळा रिकामी.

ती उभी करायला जागा एकच होती, सासूबाईंच्या पायथ्याशी. त्यामुळे त्यांचं दार झाकलं गेलं. जिन्यातून कोण गेलं, कोणाच्या हातात काय होतं, ही त्यांची दिवसभराची करमणूक. पहिल्या दिवशी त्या रुसल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तो जांभळा तिथे मेल्यासारखा पडलाय." मग रोजच सुरू झालं. भिंगरी वैतागायची, पण जांभळा उचलायची. संध्याकाळी जावई यायच्या आत भिंत उघडीच उचलून ओट्याला टेकवायची आणि सकाळी परत पायथ्याशी आणायची.

मांडणी दाखवायच्या दिवशी सासूबाईंजवळ बसायला मी गेले. भिंगरीनं ठेवणीतला ड्रेस घातला होता. तिनं भिंत मिटली, दोरीनं बांधली, चपला घातल्या.

"सूनबाई, जाण्याआधी एकदा बघू दे गं," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, रोज तर बघताय!" असं म्हणत तिनं दोरी सोडली.

भिंत उघडली. फलालीन दोन्हीकडे होतं. मिटल्यावर दोन्ही बाजूंनी तुकडे ओढून घेतले होते. डावीकडचे कितीतरी उजवीकडे, काही पालथे, काही एकमेकांवर, बाकीचे जमिनीवर. रिकामी भिंत मिटून पाहिली होती, भरलेली कधीच नाही.

"फोटो काढला होतास ना?" मी विचारलं.

"परवाचा आहे. काल उजवी बाजू सगळी बदलली." ती खाली बसली. ठेवणीतल्या ड्रेससकट. "जाऊ दे. नव्हतंच ते माझं."

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "वरच्या ओळीत कडेला पिवळा. त्याच्याशेजारी बारीक फुलांचा. नाही, तो नाही, फिक्या फुलांचा."

भिंगरीनं मान वर केली.

"बघतेस काय? मला दुसरं होतं काय बघायला? दार तर तूच झाकलंस. लाव."

डावी बाजू फोटोवरून मी लावली आणि उजवी त्यांनी पडल्या पडल्या सांगितली. एकदाच अडखळल्या. डोळे मिटले, ओठ हलले आणि म्हणाल्या, "निळा. मीच हट्टानं ठेवायला लावला होता." मग भिंगरीनं गुळगुळीत जुनी चादर दोन्ही फलालीनच्या मध्ये घातली, भिंत मिटली आणि ती धावत गेली.

मांडणी पसंत पडली. मालकीणबाई म्हणाल्या, गोधडी पुरी करून आण आणि पुढच्या महिन्यापासून ये.

घरी आल्यावर तिनं ते सांगितलं. जावई म्हणाले, "बघू." त्यांचं सगळ्यालाच 'बघू' असतं. सासूबाईंनी मात्र तोंड भरून सांगितलं, "जा की. माझं काय, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवलास की झालं. मी बघेन दाराकडे."

त्या अडवून बसल्या असत्या तर भिंगरी भांडली असती आणि गेली असती, मी ओळखते तिला. 'जा' म्हटल्यावर मात्र तिचा पाय निघेना. मी म्हटलं, मी येऊन बसते. पण आमच्या ह्यांना आता ताटातलं दिसत नाही. त्यांना एकटं सोडून दोन बस बदलून मी रोज येणार कशी? ते मला माहीत होतं, तिलाही होतं. तरी ती म्हणाली, "बघू." जावयांसारखंच.

गोधडी दुकानाच्या काचेत लागली. पुढचा महिना आला आणि गेला. भिंगरीनं मालकीणबाईंना घरूनच तुकडे जोडून देईन म्हणून कळवलं. मोठ्या टेबलापाशी कोणी दुसरी बसली असेल.

परवा मी गेले तर भिंतीला तिसरा तक्ता जोडलेला. आता ती कशाला न टेकता आपली आपण उभी राहते. दाराचा भाग मोकळा सोडून भिंगरीनं ती कोपऱ्यात लावली होती आणि मागे मशीन घेऊन बसली होती. इकडून फक्त तिचा पाय दिसत होता.

"तुला जायचं नव्हतं का गं?" मी हळूच विचारलं.

"होतं."

तेवढ्यात पलंगावरून हाक आली, "सूनबाई, दिसत नाहीस ती?"

मशीन थांबलं.

"इथेच आहे, अहो आई. जाणार कुठे?"