संथ चालीची मुलगी नको

सावकाश चालणाऱ्या माणसाला घाबरणारा अख्ख्या श्रीवर्धनात एकच इसम होता, तो म्हणजे आमच्या शेजारचे सायन्सचे मास्तर. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली दहा-बारा वर्षं. मास्तर मुंबईत एम.एस्सी. करून आले होते आणि तिथल्या प्रयोगशाळेतून एकच गोष्ट डोक्यात पक्की करून आले होते: एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूतले दोन अणू एकमेकांना धरून असतात, शेजारून भरधाव जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचं त्यांना सहसा काही होत नाही, पण एखादा संथ इलेक्ट्रॉन आला की रेणू त्याला पकडतो, उणीव भरून निघते आणि दोन्ही अणू दोन दिशांना फेकले जातात. हे ते वर्गात सांगत, न्हाव्याला सांगत, सुपारी सोलायला आलेल्या बायकांनाही सांगत. बायका माना डोलवत आणि सुपारी सोलत.

इथवर ठीक होतं. पण आईवडिलांमागे घरात मास्तर आणि धाकटा भाऊ असे दोघेच. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं, आणि भावाचं झालं की आपलं घर फुटणार या धास्तीनं त्यांना पछाडलं होतं. मुलगी बघायला गेले की ते तिला ओटीवर चालून दाखवायला सांगत. त्यात नवल नव्हतं, सगळेच सांगत. मास्तर मात्र घड्याळ काढून बसत. माणगावच्या एका बापानं शेवटी विचारलं, "पोर हळू चालते म्हणून नको? लोकांना तशीच हवी असते की, मास्तर."

"हळू येणारी राहते," मास्तर म्हणाले. "मग आम्ही दोघं एकत्र राहत नाही."

म्हसळ्याची एक तुरुतुरु चालणारी त्यांना फार पसंत पडली. ती ओटी ओलांडून थेट परसात गेली आणि तिनं निरोप पाठवला, "मला न्हाय यायचं तिथं." मास्तर जराही खजील झाले नाहीत. परतताना मला म्हणाले, "बघितलंत? सिद्धांत चुकत नाही."

भाऊ स्वभावानं गरीब, पण एके दिवशी एकटाच माणगावला जाऊन त्या नाकारलेल्या मुलीशी लग्न ठरवून आला. मास्तर भांडले नाहीत. त्यांनी रीतसर लग्न लावून दिलं आणि नवरीनं माप ओलांडायच्या आत आपली वळकटी उचलून शाळेमागच्या खोलीत राहायला गेले. दुसऱ्या दिवशी मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाले, "फुटायचंच आहे तर मी आधीच बाजूला झालेला बरा. तिच्यावर बोल नको." मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

तेवढ्यात ती नवी नवरी आवारातून येताना दिसली. इतकी संथ की मास्तरांना तिच्याकडे बघत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दाराशी येऊन ती म्हणाली, "भावोजी, ताटं वाढलीत. तुम्ही आल्याबिगर हे जेवत न्हाईत."

मास्तरांनी वळकटी बगलेत मारली. ती पुढे, मास्तर मागे आणि त्यांच्या मागे मी. आम्ही पोचलो तेव्हा भात निवून गेला होता, आणि भाऊ दोन ताटांपुढे तसाच बसून होता.