गावडेकाकूंची काकणं

ऑक्टोबरचं ऊन सकाळीच डोक्यावर बसलं होतं. मुलुंडच्या डोंगराकडून एक झुळूक येईल तर शपथ! वॉर्डातले पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते आणि कुंदा परुळेकर बाह्या दुमडून म्हाताऱ्यांची अंगं पुसायच्या कामाला लागली होती. कोमट पाण्याची बादली, टॉवेल, पावडर, बदलायच्या चादरी.

"हात वर करा, आजोबा. अजून. लग्नात आहेर नको म्हणताना करतात तसा अर्धा नको, पुरता."

आजोबा हसले. पलीकडून चादर ताणणारी सई हसली.

"सई, चादर नीट ओढ गं. सुरकुती राहिली की पाठ सोलते."

एका ट्रस्टच्या इस्पितळातला हा डिमेन्शियाचा वॉर्ड. दारावर इंग्रजी पाटी होती, पण खालच्या वॉचमनपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्याला 'विसरलेल्यांचा मजला' म्हणायचे. कुंदा इथली इन्चार्ज सिस्टर. मूळ कणकवलीकडचं, जन्म भांडुपच्या टेकडीवरचा, आवाज नळावरच्या भांडणात कमावलेला.

आज पाहुणे यायचे होते, नॉर्वेच्या नर्सबाया. वर्षभर दर बुधवारी त्या स्क्रीनवरून इथल्या सिस्टरांना शिकवत होत्या, आज प्रत्यक्ष येणार होत्या. खाली रांगोळी पडली होती, बॅनर लागला होता, गुलाबाचे गुच्छ फ्रीजमध्ये औषधांच्या शेजारी थंड होत होते.

सुरुवातीला कुंदाला ती शिकवणी म्हणजे डोक्याला ताप वाटायची. त्यांच्याकडे म्हाताऱ्यांना फिरायला बाग, बागेत तळं, तळ्यात बदकं. इकडे व्हीलचेअर लिफ्टमध्ये घालायची तर आधी लिफ्टवाल्याला बाहेर काढावं लागायचं. "बाई गं, बदकं पाठव आधी, मग शिकव," असं ती माईक बंद करून सईला म्हणायची. पण इन्ग्रिड नावाची ती उंच, पिकल्या केसांची नर्स एकच गोष्ट घोटून घ्यायची. पेशंट 'त्रास देते' असं म्हणू नका. ती काहीतरी सांगतेय. ओरडायच्या आधी ती कशाकडे बघते, ते बघा.

हे वाक्य कुंदाच्या डोक्यात रुतलं ते गावडेकाकूंमुळे.

रुक्मिणी गावडे. मोरीत घसरून पडल्या म्हणून आणलेल्या. हाड शाबूत होतं, पण ताप होता आणि सलाईन लावायचं तर हात सुजून बांगड्या मनगटात रुतलेल्या. खाली इमर्जन्सीत गडबड. कुणीतरी हाताला गॉज गुंडाळलं आणि कॉटच्या दांडीवर हात आपटून हिरव्या बांगड्या फोडल्या. मग दुसऱ्या हातातल्याही फोडल्या, उगाच नंतर कटकट नको म्हणून. मंगळसूत्र काढून पुडीत बांधून नवऱ्याच्या हातात दिलं. इस्पितळाच्या नियमात सगळं बसत होतं.

ताप उतरला. काकू वर खिडकीजवळच्या कॉटवर आल्या आणि दुसऱ्या सकाळपासून एकच आकांत. "माजो घोव गेलो! माका कोणी सांगूक नाय! गो बायांनो, माजो घोव गेलो!"

सगळ्यांनी समजावलं, की काका बरे आहेत, संध्याकाळी येतील. श्यामसुंदर गावडे रोज यायचे, गिरणीतून सुटून पार म्हातारे झालेले, गुडघे धरून चालणारे. काकू त्यांच्याकडे बघून विचारायच्या, "ह्यो म्हातारो कोणाचो?" आणि पुन्हा छाती बडवायच्या. बिचारे काका स्टुलावर बसून स्वतःच्याच मरणाचं रडणं ऐकत राहायचे.

काल कुंदा मुद्दाम काकूंच्या कॉटशी बसली. काकू जाग्या झाल्या, केस मागे सारायला हात वर नेला आणि थबकल्या. काहीच वाजलं नाही. त्यांनी एक मनगट बघितलं, मग दुसरं. गळ्याशी बोटं नेली. आणि मग ती किंकाळी.

कुंदाला उलगडलं. आपल्याकडे बाईच्या हातातल्या बांगड्या दांडीवर आपटून कधी फोडतात, हे त्या बाईला पक्कं आठवत होतं. बाकी सगळं विसरली होती, हे नव्हतं विसरली. आणि रडली नसती तरच नवल!

तिने काकांना फोन लावला. "काका, उद्या सकाळीच या, येताना कासाराकडून हिरव्या बांगड्या आणा. मापाला थोड्या मोठ्या. आणि ती पुडीपण."

"वॉर्डात काचेक परवानगी आसा?"

"नाय. तुम्ही आणा."

नियम तिला ठाऊक होता. गेल्याच महिन्यात तिने एका आयाबाईला त्यावरून झापलं होतं.

चादरी बदलून होतात न होतात तोच डॉक्टर धवल आले. वॉर्डाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण आज कपाळावर घाम होता आणि गळ्यात नवा टाय.

"सिस्टर, विंडोवाल्या आजींना इंजेक्शन देऊन टाका ना. दोन-तीन तास शांत झोपल्या पाहिजेत."

"का, सर? ताप नाही, बीपी नॉर्मल आहे."

"अरे, ओरडतात ना! फॉरेनचे लोक येणार, पुढच्या वर्षाचं ट्रेनिंग त्यांच्या हातात आहे. पहिल्याच राउंडला तमाशा झाला तर वाट लागेल आपली."

कुंदाने टॉवेल पिळला. सावकाश, शेवटचा थेंब जाईपर्यंत.

"म्हणजे पाहुण्यांसाठी पेशंट झोपवायची."

"असं नाही बोलत मी."

"मग कसं बोलताय? वर्षभर त्या बाईने शिकवलं, गप करू नका, ऐका. आणि ती दारात आली की आपण काय दाखवणार? सगळे कसे गप पडलेत ते?"

"सिस्टर, ऑर्डर आहे माझी."

"मग तुम्ही द्या. सुई ट्रेमध्ये आहे. मी देणार नाही."

डॉक्टरांनी सईकडे बघितलं. सईने हातातली उशी पोटाशी घट्ट धरली. "सर, मला काल रात्रीपासून हाताला मुंग्या येतायत."

"सगळ्यांनाच एकदम मुंग्या?" डॉक्टर चिडले. "कुंदा सिस्टर, सोमवारपासून तुम्ही ओपीडीत बसाल. केसपेपर काढत. बघतोच मी."

"बसेन. पण आज हा वॉर्ड माझा आहे."

ती हे बोलली खरी, पण काय सुटणार ते तिला ठाऊक होतं. ओपीडी म्हणजे हे सगळे म्हातारे सुटले. कोण कुठल्या हाकेला ओ देतो, कुणाला पेज गारच लागते, सगळं सुटलं.

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात लिफ्ट उघडली. आधी इन्ग्रिड आणि तिच्यासोबतच्या दोघी, गळ्यात हार, घामाने लालबुंद. त्यांच्या मागून, कुणीच न अडवलेले, गुडघे धरत श्यामसुंदर गावडे. हातात वर्तमानपत्राची पुडी.

आणि नेमक्या त्याच वेळी काकू जाग्या झाल्या. केसांकडे हात गेला.

"माजो घोव गेलो!"

डॉक्टर धवलांनी डोळे मिटले. इन्ग्रिड पुढे सरकली, तसं कुंदाने हात आडवा केला, थांब म्हणून. ज्या हाताला सुई नव्हती त्या हाताला तिने पावडर लावली आणि पुडी सोडली.

"सिस्टर, ग्लास अलाउड नाही," डॉक्टर पुटपुटले. "फुटली, हात कापला, जबाबदार कोण?"

"मी. सगळ्यांसमोर सांगते, मी."

मग काकूंकडे वळून तिने आपली घरातली बोली काढली. "वयनी, गप रवा बघू. कासार इलोहा. काकणं भरूची नाय काय?"

काकूंचा हुंदका मध्येच अडकला. त्यांनी आपसूक बोटं जुळवून हात पुढे केला. बाई कितीही विसरली तरी हात कसा मऊ सोडायचा, हे त्या हाताला माहीत होतं. एक बांगडी गेली. दुसरी गेली. कुंदाने गळ्यात मंगळसूत्र घातलं. काकूंनी हात हलवून बघितला. किणकिण झाली. पुन्हा हलवला.

"घोव खंय आसा तुमचो?" कुंदाने विचारलं.

"मिलात गेलो आसतलो," काकू म्हणाल्या. "पाळी सुटली की येतलो." मग स्टुलाकडे बघून, "ह्या म्हाताऱ्याक च्या दी गो. दमलोहा."

श्यामसुंदर काकांनी तोंडावर रुमाल धरला. रडत होते की हसत होते, कळायला मार्ग नव्हता. "बायको माझा च्या विसरूक नाय," एवढंच ते सईला म्हणाले.

इन्ग्रिडने काय झालं ते विचारलं आणि कुंदाने आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, बांगड्या कुणी आणि कशा फोडल्या तेही. डॉक्टर खाकरले, ती थांबली नाही. इन्ग्रिडने काकूंच्या मनगटाकडे बघितलं. मग म्हणाली, आमच्याकडे हात निर्जंतुक राहावेत म्हणून लग्नाची अंगठी काढून घेतात. त्या बोटाला त्या दिवशी काय वाटतं, हे आम्ही कुणी विचारलेलं नाही. पुढच्या बुधवारी तू शिकव, आम्ही ऐकतो.

"बुधवारी मी ओपीडीत असेन," कुंदा म्हणाली आणि डॉक्टर धवलांकडे सरळ बघितलं. "विचारा यांना."

डॉक्टरांचा टाय सैल झाला होता. "बुधवारचं बुधवारी बघू," ते म्हणाले आणि पाहुण्यांना चहाला घेऊन खाली गेले.

ना हो, ना नाही. कुंदाला ते पुरेसं नव्हतं. ती जिन्यापर्यंत मागे गेली आणि वरूनच ओरडली, "सर, इमर्जन्सीवाल्यांनाही बसवा बुधवारी! न विचारता एकीच्या जरी बांगड्या फोडल्या, तर मी ओपीडीतून वर येईन!"

"सिस्टर, मेमो येणार तुम्हाला," सई म्हणाली.

"येऊ दे. तू कात्री आण. आजोबांची नखं बघितलीस? घुबडासारखी वाढलीत."

आणि ती आजोबांचा पाय मांडीवर घेऊन खाली बसली.