राजाची उडी

सुभेदारनाना पाच मिनिटांच्या डावाला बसले, की टेबलाखाली त्यांचा गुडघा असा उडे की पटावरची प्यादी थरथरत. अख्खी हयात फौजेत काढलेला माणूस, पण त्या दोन तोंडांच्या घड्याळापुढे पार गळाठून जायचा. कराडच्या वाचनालयात मी संध्याकाळी बुद्धिबळ शिकवायचे, तिथे ते आपणहून आले. म्हणाले, "पोरी, घड्याळ लावून एक डाव जिंकायचा हाय. मरायच्या आधी एकच."

चाल केली की नाना मागे रेलून मिशीवरून हात फिरवत आणि घड्याळाची कळ दाबून समोरच्याची वेळ सुरू करायची राहून जाई. वेळ त्यांचीच पळे. मी ओरडले की म्हणत, "चाल केली की झालं. वर आनि धपाटा कशाला घालायचा त्याला?" आता या माणसापुढे कुठे कपाळ फोडायचं?

पण खरी खोड निराळी होती. नाना खेळ शिकले ते वडिलांकडून, देशी पद्धतीने. त्यात शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आजच्या नियमांत ती चालत नाही. नानांना हे तोंडपाठ होतं. तरी वेळ संपत आली, जीव घाबरला, की हात आपसूक राजाला उचलून अडीच घरं उडवायचा. त्यांचे वडील, आबा, उडी मारताना "निसटला बघ गडी" म्हणायचे. नानाही तेच पुटपुटत.

साताऱ्याच्या स्पर्धेत नानांकडे एक वजीर जास्त होता, डाव हातातोंडाशी आला होता. शेवटच्या क्षणी नाना "निसटला बघ गडी" म्हणाले आणि पंचांनी डाव समोरच्याला दिला. परतताना ते एवढंच बोलले, "मोडाय पायजे ही सवय."

मग हट्टालाच पेटले. उजवा हात उडीला निघाला की डाव्याने त्याच्यावर चापट मारत. मी किल्लेकोट करायला लावी, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेऊन बसवायचं. "राजा असा दडून बसतो व्हय?" असं आधी कुरकुरले, पुढे निमूट करू लागले.

सांगलीच्या स्पर्धेत नानांनी किल्लेकोट केला, दर चालीला कळ दाबली आणि कॉलेजातल्या एका मुलावर मात केली. मला तर रडूच फुटलं. नाना नुसते पटाकडे बघत बसले होते.

एसटीत मी पेढा दिला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला. पेठनाका मागे पडल्यावर म्हणाले, "शेवटाला माझा राजा कोपऱ्यात गावला हुता. पन उडी मला आठवलीच न्हाई गं. आबाबी आठवलं न्हाईत."

"जिंकलात की नाना," मी म्हणाले.

"व्हय. जिंकलो," म्हणत त्यांनी टॉवेलात तोंड लपवलं.

त्यानंतर ते वाचनालयात आले नाहीत. गेल्या साली वारले. त्याआधी मी भेटायला गेले, तेव्हा अंगणात पट मांडून एकटेच बसले होते. राजा उचलायचे, अडीच घरं पलीकडे ठेवायचे, पुन्हा जागेवर आणायचे. मला पाहून जरा ओशाळले.

"हात इसरलाय गं," म्हणाले. "परत शिकवतोय त्याला."