मोटारीसाठी रडणारा मेस्त्री

तेलगावात आमच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारा एक मेस्त्री आहे. तांब्याची ती बारीक तार गुंडाळताना तो पापणीसुद्धा हलवायचा नाही. काम थांबवून गिऱ्हाइकाची मोटार बघायचा, "जळाली वो तुमची," म्हणायचा आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. आम्ही ऊसवाले त्यामुळंच त्याच्यावर जीव टाकायचो. आपल्या मोटारीसाठी कोण रडतं हो?

एकदा तो डोळे दाखवायला गेला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे कोरडे पडलेत. मेस्त्री चिडला. "पानी गळतंय की वो! कोरडे कावून?"

डॉक्टर म्हणाले, "कोरडे पडून चुरचुरतात, म्हणूनच पाणी येतं. हे थेंब टाका, अन् काम करताना पापण्यांची उघडझाप करत जा."

हळूहळू पाणी थांबलं. मग गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, "मेस्त्री लई निबर झाला बे."

परवा मी माझी मोटार नेली. त्यानं ती खोलली आणि हुंगली. खिशातून बाटली काढून दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले, गालांवर ओघळू दिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, जळाली."

सगळं डोळ्यांदेखत झालं होतं, तरी मलाच हुंदका आला.