पितळेवरचा अंगठा

हौसेला मोल नसतं हे सगळ्यांना मान्य असतं. पण हौस बंदुकांची असली की लोकांच्या भुवया वर जातात. डॉक्टर यशोधन कारखानीस म्हणजे विलायतेतल्या स्टॅनमोरचे निवृत्त भूलतज्ज्ञ. जन्मभर या माणसाने रोग्यांना अलगद झोपवलं आणि अलगद उठवलं. असा माणूस वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत दीडशे वर्षांपूर्वीच्या बंदुका भिंतीला लावून ठेवतो, हे तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांना काही केल्या पचत नसे. "काय डॉक्टर, शेजाऱ्याशी भांडण आहे वाटतं?" हा विनोद दर गणपतीत कोणीतरी करायचंच, आणि तो जगात आपल्यालाच प्रथम सुचला अशा थाटात करायचं.

खरं तर त्या बंदुकांनी चिमणीसुद्धा मेली नसती. त्यांची काडतुसं बनायची केव्हाच थांबली आहेत, म्हणून इथला कायदाही त्यांना शोभेची वस्तू मानतो. डॉक्टरांकडे होत्या त्या सगळ्या एकाच जातीच्या, स्नायडर. जुन्या बंदुकांच्या बाजारात बाकी काही कितीही देखणं मांडलेलं असो, डॉक्टर तिकडे ढुंकून पाहायचे नाहीत. अर्थात त्या बाजारात सगळेच असे. कोणी फक्त खिशातली पिस्तुलं जमवतो, कोणी फक्त घोडदळाच्या आखूड बंदुका. एक म्हातारे गृहस्थ तर ज्यांच्या लाकडावर कोणा शिपायाने काहीतरी कोरलं आहे तेवढ्याच बंदुका घ्यायचे. ते म्हणायचे, कारखान्यातून निघताना सगळ्या सारख्याच असतात, माणसाचा हात लागला की वेगळ्या होतात. म्हणूनच या लोकांचा एक कडक नियम असतो: जुनी बंदूक घासूनपुसून चकचकीत करायची नाही. तिच्यावर चढलेला काळ एकदा निघाला की परत चढवता येत नाही.

पण डॉक्टरांना हे वेड मुळात नव्हतंच. वेड होतं स्वानंदचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं.

स्वानंद डॉक्टर झाला नाही. विमानतळावर मालाच्या गोदामात नोकरीला लागला, हाउन्सलोत भाड्याने राहू लागला, आणि बापलेकांचं बोलणं संपलं. भांडण असं नव्हतंच. भांडायला तरी काही बोलावं लागतं. "कसा आहेस?" "फाइन." "काम?" "फाइन." एवढ्यावर वर्षं गेली. मग एका रविवारी स्वानंद लांबलचक पुडकं काखेत मारून आला आणि जेवणाच्या टेबलावर एक बंदूक ठेवली. सुलक्षणाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, आधी टेबलावरची कढी उचलली.

"बघा ना बाबा," स्वानंद म्हणाला, "हा ओल्ड गन आहे, समोरून भरायचा. मग नवीन टाइपचे गन आले. पण त्यांनी हा फेकला नाही. मागून कापला, एक दार लावला, आणि परत यूज केला. लोक म्हणतात जुगाड आहे. आय थिंक इट्स ब्यूटिफुल."

त्या दिवशी तो दोन तास बोलत होता. डॉक्टरांना बंदुकीतलं ओ की ठो कळलं नाही. ते नुसते मुलाच्या तोंडाकडे पाहत बसले. पुढच्या रविवारी ते स्वतःहून त्याच्याबरोबर बाजारात गेले. माणूस एखाद्याच जातीच्या वस्तूमागे का लागतो, असं मंडळात कोणी विचारलं की डॉक्टर इतिहास सांगायचे, धातू सांगायचे, कारागिरी सांगायचे. खरं कारण एवढंच होतं की स्नायडर दिसली की स्वानंद बोलायचा. दोघांनी मिळून एकेक करत भिंत भरली. "या माझ्या सवती," सुलक्षणाबाई नाक मुरडून म्हणायच्या, पण रविवारी चिवड्याचा डबा त्याच खोलीत नेऊन ठेवायच्या.

शेवटची बंदूक आणली, तिची पितळ ती विकणाऱ्या गाढवाने घासून लख्ख केली होती. दस्त्याच्या टोकाला खांद्याशी टेकते ती पितळी पट्टी नुसती आरसा झाली होती. स्वानंदने चिवडा खाता खाता तशाच हाताने ती उचलली, आणि डॉक्टर कडाडले, "हातमोजे! किती वेळा सांगायचं? मीठ लागलं की पितळेवर ठसा उमटतो, मग तो जन्मात जात नाही."

"रिलॅक्स, बाबा. इतके वर्ष सगळ्यांनी हात लावला. माझा एक थंबने काय होणार?"

डॉक्टर संध्याकाळपर्यंत फुरंगटून बसले. निरोप घेतानाही धड बोलले नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्वानंद गोदामात कामावर असताना कोसळला. हृदय बंद पडलं. बापाने हजारो माणसांची हृदयं टेबलावर सांभाळली आणि पोराचं मैलांवर एकटं थांबलं, हा विचार डॉक्टरांच्या डोक्यातून कधीच गेला नाही.

तेरावं झाल्यावर ते त्या खोलीत गेले, तेव्हा पितळेवर ठसा उमटलेला होता. काळपट, बारीक रेघांचा, अख्खा अंगठा. लहानपणी डब्याच्या झाकणाने कापल्याची आडवी खूणसुद्धा त्यात होती. फोटो घरात पुष्कळ होते, पण फोटोत तो कसा दिसायचा ते होतं. इथे त्याचा हात होता.

त्या दिवसापासून डॉक्टर रोज सकाळी चहाच्या आधी वर जायचे, खिडकीच्या उजेडात दस्ता तिरका धरायचे आणि बघायचे. स्पर्श कधी केला नाही. आपल्या बोटाने त्याचा ठसा झिजेल अशी भीती. सुलक्षणाबाईंना सांगितलं नाही. त्यांनी मुलाचे कपडे आठवड्यात चॅरिटीच्या दुकानात देऊन टाकले होते, त्याचं नाव उच्चारत नव्हत्या, त्या खोलीच्या दारावरून मान वळवून जात होत्या. हसणं तर गेलंच होतं. सांगितलं तर ही त्या पितळेपाशी बसेल ती उठणारच नाही, असं डॉक्टरांना वाटे. आणि आत कुठेतरी असंही वाटे की तेवढं एक आपलं एकट्याचं असू दे. दुःखातसुद्धा माणूस स्वार्थी असतो.

दोन वर्षं अशी गेली.

यंदा खंडेनवमीला सुलक्षणाबाईंनी सकाळीच फर्मान काढलं, "अहो, वेम्बलीच्या ईलिंग रोडवरून झेंडू घेऊन या. चांगला भरपूर आणा." या घरात खंडेनवमीला सुरी, अडकित्ता, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, झालंच तर बागेतलं गवत कापायचं यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. दोन वर्षं काहीच झालं नव्हतं. डॉक्टर मनातून हरखले आणि पिशवी घेऊन वेम्बलीला गेले.

परत आले तर वरून हाक आली, "वर या ना जरा."

त्या खोलीचं दार उघडं होतं. खाली जुनी चादर पसरलेली, तिच्यावर सगळ्या बंदुका ओळीने निजवलेल्या, आणि प्रत्येकीची पितळ देवघरातल्या समईसारखी लखलखत होती. प्रत्येकीला हळदकुंकू. शेजारी पितांबरीचा डबा. मध्ये सुलक्षणाबाई, बोटं काळी झालेली, केस विस्कटलेले, आणि हसत होत्या.

"धीरच होत नव्हता हो दार उघडायचा. मग म्हटलं, आज खंडेनवमी. माझ्या लेकाची शस्त्रं पारोशी कशी ठेवायची? त्याला आवडलं असतं ना?"

डॉक्टर खाली बसले. शेवटची बंदूक उचलली, खिडकीकडे तिरकी धरली. पितळेत त्यांचाच चेहरा दिसला. बाकी काही नव्हतं. पुन्हा तिरकी करून पाहिली. काही नव्हतं.

"चुकलं का माझं काही?" सुलक्षणाबाईंचं हसू अर्ध्यावर थांबलं.

एक वाक्य पुरे होतं, आणि ते डॉक्टरांच्या ओठांशी आलंही होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "फार छान केलंस. त्याला आवडलं असतं."

"या एकीने मात्र छळलं बाई!" त्यांच्या आवाजात पुन्हा जीव आला. "अंगठ्याएवढा काळा डाग. पितांबरीने जाईना. शेवटी चिंच चोळली, तेव्हा कुठे निघाला. तुमचाच असणार तो. दुसऱ्यांना हातमोजे घालायला लावायचे आणि स्वतः मात्र उघड्या हातांनी!"

"हो," डॉक्टर म्हणाले. "माझाच."

त्यांनी पिशवीतलं एक फूल काढून त्या पितळेवर ठेवलं आणि कपाळ टेकवलं. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"अहो, उठा आता," सुलक्षणाबाई म्हणाल्या, "अजून हार ओवायचाय."