कागदावरचा थेंब

मोताळ्याच्या आठवडी बाजारात निलगिरीचं तेल विकणारा एक म्हातारा बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की तो कागदावर थेंब टाकून कागद उन्हात धरतो. डाग उडून गेला की तेल शुद्ध.

परवा एका बाईने ते पाहून कडेवरच्या तान्ह्या बाळाच्या सर्दीसाठी बाटली मागितली. त्याने बूच घट्ट लावलं.

“काऊन? शुद्ध हाय ना?”

“शुद्ध हाय म्हणूनच देत नाही, माय. तान्ह्या लेकराले हे सोसत नाही. दवाखान्यात ने त्याले.”

ती रागाने शेजारच्या तेलवाल्याकडे वळली. म्हातारा उठून ओरडला, “तिले देऊ नको बे, लेकरू तान्हं हाय!”

मला वाफाऱ्यासाठी बाटली हवी होती. त्याने सवयीने कागद पुढे ओढला. मी म्हटलं, “कागद राहू द्या.”