खसखशीएवढा दात

यंदा एकटीच निघाले. नवरा होता तेव्हा दर हिवाळ्यात आम्ही माशांचे जीवाश्म शोधायला जायचो. माती चाळायची मी, मासा ओळखायचा तो. त्याला जाऊन वर्ष झालं. मला एकटीला मासा ओळखता येतो का, एवढंच बघायचं होतं. नाही जमलं, तर भिंग कुणाला तरी देऊन टाकणार होते.

लातूरहून एसटीनं अहमदपूर. बायकांना अर्धं तिकीट. स्टँडवर गरम भजी खाल्ली. पुढच्या गाडीत शेजारची जागा रिकामी राहिली, तिथं उगाच पिशवी ठेवली. जाणार असाल तर लोह्याला उतरून रिक्षा करा. शेवटचा रस्ता खडीचा आहे, पाणी जवळ असू द्या.

गावात नेहमीसारखी शांताकाकूंकडे उतरले. ओढ्याकाठी काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये पांढरट मातीचा पट्टा आहे. लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात इथं तळं होतं. ती माती भिजवायची, मैद्याच्या चाळणीत धुवायची, वर उरेल ते वाळवायचं. त्यात खसखशीएवढे दात असतात. दात बारीक म्हणजे मासा पिल्लूच, असं मात्र नाही. काही मासे म्हातारे झाले तरी नखाएवढेच राहतात.

चाळलेलं ओट्यावर वाळत घालून मी अंघोळीला गेले. येऊन बघते तर काकूंनी ते सुपात घेऊन झकास पाखडलं होतं!

"लई फुफाटा होता गं. चांगले खडे तेवढे ठिवले बघ."

दिवसभराची मेहनत अंगणात उडाली होती आणि कोंबड्या त्यात टिपत फिरत होत्या. काकूंना काय बोलणार? परत माती चाळायला दिवस उरला नव्हता, शेवटी सूप कागदावर उलटं आपटलं. बांबूच्या विणीत अडकलेली चिमूटभर धूळ पडली. तेवढीच पुडी बांधली, पिठलं-भाकरी खाल्ली आणि परत निघाले.

घरी ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कण भिंगाखाली घेतला. वाळू, वाळू, परत वाळू. फ्रिजचा आवाजसुद्धा नकोसा झाला, इतकं एकटं वाटलं. मग एक कण कुशीवर वळला. टोक चकचकीत, बूड पोकळ. वाळूचा कण असा पोकळ नसतो. "हे बघ" म्हणायला मान वळवली, तर खुर्ची रिकामी.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. "घावलं का गं काही?"

"हाव काकू. दात घावला, माशाचा."

"माशाचाच? कोन म्हनलं?"

मी भिंगातून परत एकदा बघितलं.

"मी म्हणते, काकू."